जहाजाचं रंगकाम: जेवढं टाकीबाहेर काढाल तेवढं चांगलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत तुमचं फॅब्रिकेशन आणि ब्लास्टिंगचं (हवेच्या जोराने कठीण कण मारून पत्रा साफ करायचं) युनिट आहे. गोव्यातल्या एका जहाजबांधणीच्या यार्डासाठी इंजिनाखालच्या बैठका, शिड्या, मॅनहोलची झाकणं, पाइपाचे तुकडे असे सुटे भाग बनवून रंगवून द्यायची ऑर्डर मिळण्यासारखी आहे. शिवाय खानापूर भागातली काही मुलं यार्डात ब्लास्टिंग-पेंटिंगला पाठवायची जबाबदारीही तुमच्याकडे येतेय. मुलांच्या जिवाला धोका होऊ नये, धूळ-घाण कमी व्हावी आणि रंगाचा खर्च आवरावा यासाठी काय करायचं, असे तीन वेगवेगळे प्रश्न तुम्ही विचारलेत. शेवटी हेही विचारलंय, की हे सगळं महागड्या यंत्रांशिवाय जमतं का.

मी गोव्यात आणि इतर यार्डांत पेंट विभागात काम केलं, आता बेळगावात राहून तपासणीची कामं करतो. माझं मत असं, की तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. जे रंगकाम जहाजाच्या टाकीत होतं, त्यातलं जेवढं आधीच उघड्यावर, शेडमध्ये, उभ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर करून घेता येईल तेवढं करून घ्यायचं. यात माणूस वाचतो, धूळ एका जागी राहते आणि रंगही कमी लागतो.

जहाज रिकामं असताना तोल राहावा म्हणून ज्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात त्या बॅलास्ट टाक्या. आत शिरायचं मॅनहोल जेमतेम खांदे जातील एवढं. आत वाकून किंवा गुडघ्यावर बसून काम, दर हातभर अंतरावर ब्रॅकेट, उजेड नाही, हवा नाही. तीच टाकी अजून जहाजाला जोडलेली नसते, सुटा ब्लॉक म्हणून शेडमध्ये पडलेली असते, तेव्हा क्रेनने तो ब्लॉक उलटा करता येतो. म्हणजे ज्या छतावर डोक्यावर गन धरून रंग मारायचा ते पायाखाली येतं. ब्लॉकवर तासाभरात होणारं काम आत पूर्ण पाळी खातं, आणि तेवढा वेळ एक जिवंत माणूस त्या भोकातून आत असतो.

मग आत काम का उरतं? बहुतेक वेळा जळालेल्या रंगामुळे. ब्लॉक रंगवून झाला, मग कोणाच्या तरी लक्षात येतं की पाइपाची एक क्लिप राहिली. वेल्डर बाहेरच्या बाजूने ती लावतो आणि आतल्या बाजूचा रंग करपतो. तो पॅच घासून पुन्हा रंगवायला एक मुलगा ग्राइंडर घेऊन टाकीत जातो. म्हणून पेंटिंगच्या खर्चाचा मोठा भाग पेंटरच्या हातात नसतोच, तो ड्रॉइंग आणि वेल्डिंगच्या टेबलावर ठरतो. तुमच्या शेडपुरतं सांगायचं तर ब्लास्टिंगला जाण्याआधी प्रत्येक भोक, प्रत्येक लग, प्रत्येक क्लिप लागलेली असली पाहिजे. ड्रॉइंगवर शंका असेल तर यार्डाला फोन करा, एक दिवस थांबा, पण अर्धवट तुकडा ब्लास्टिंगला ढकलू नका.

कडांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नवीन माणूस इथेच मार खातो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने डिसेंबर २००६ मध्ये बॅलास्ट टाक्यांच्या रंगासाठी मानक ठरवलं. रंग १५ वर्षं टिकला पाहिजे हे त्याचं लक्ष्य. त्यात इपॉक्सीची (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रंगाची) कोरडी जाडी ३२० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ब्लास्टिंगचा खडबडीतपणा ३० ते ७५ मायक्रॉन, पृष्ठभागावरचं क्षार चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या आत, आणि कापलेल्या कडा २ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत गोल किंवा निदान तीन वेळा ग्राइंडर फिरवलेल्या, असं सगळं आहे. तुमचे तुकडे बॅलास्ट टाकीतले नसले तरी कडांचा नियम पाळाच. गॅसने कापलेल्या पट्टीच्या कडेवरून हातमोजा घालून अंगठा फिरवा. कापड अडकलं तर ती कड रंगायला तयार नाही. ओला रंग धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो, वाळल्यावर तिथे पातळ पापुद्रा उरतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून स्प्रे करण्याआधी कडा, वेल्डची शिवण, रॅट होलची (शिवण जाण्यासाठी पत्र्याच्या कोपऱ्यात कापलेल्या भोकाची) आतली बाजू, ब्रॅकेटच्या मागचा कोपरा हे सगळं ब्रशने वेगळं रंगवायचं. याला स्ट्राइप कोट म्हणतात. ब्रश नुसता वरून फिरवायचा नाही, रंग शिवणीत घोळवून दाबायचा. स्ट्राइपचा रंग मुख्य थरापेक्षा वेगळ्या छटेचा मागवा, म्हणजे काय राहिलं ते लांबून दिसतं. वेल्डिंगचे शिंतोडे मात्र छिन्नीने किंवा ग्राइंडरने आधीच काढा. ब्लास्टिंगने ते पडत नाहीत, फक्त चकचकीत होतात.

इथे बेळगावच्या युनिटचा एक मोठा फायदा आहे, तो यार्डाला पटवून द्या. वास्कोच्या हवेत मीठ आहे. तिथे ब्लास्ट केलेल्या पत्र्यावर काही तासांत क्षार बसायला लागतात आणि रंगाखाली अडकलेलं मीठ पाणी आत ओढून फोड आणतं. आपल्याकडे समुद्राची हवा पोचत नाही. त्यामुळे ब्लास्टिंग आणि स्पेसिफिकेशनमधले जास्तीत जास्त थर इथेच करून पाठवणं दोघांच्याही सोयीचं. मात्र धुण्यासाठी बोअरचं पाणी वापरत असाल तर त्याची क्षारता आधी तपासा. इथे मिळवलेला फायदा नळीतूनच घालवायला नको. आणि चोर्ला घाटातून माल उतरताना साखळदंड थेट रंगावर येऊ देऊ नका. लाकडी ठोकळे आणि रबर घाला, रंग नुसता हाताला कोरडा लागला म्हणून गाडी भरू नका, तो पुरता मुरू द्या. यार्डात माल उघड्यावर पडून राहिला तर पुढचा थर देण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन घ्यायला सांगा. इपॉक्सीवर पुढचा थर देण्याची शेवटची मुदत उलटली असेल तर हलकं खरवडल्याशिवाय तो थर चिकटत नाही. ही मुदत रंग कंपनीच्या डेटा शीटवर तापमानानुसार दिलेली असते, ती गाडीच्या चलनावर लिहूनच पाठवा.

तोटा पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर आपली हवा मिठाची नसली तरी ओली असते. नियम दोन: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर नको, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं. जुलैतल्या एखाद्या सकाळी हवा २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २२ च्या थोडा वर येतो. म्हणजे पत्रा २५ च्या वर पाहिजे, आणि रात्रभर शेडमध्ये पडलेला जाड पत्रा हवेपेक्षा थंडच असतो. डोळ्याला दव दिसत नाही, पण रंगाखाली ओल असते. अशा वेळी शेड गरम करायला गॅसचा उघडा बर्नर लावलेला मी पाहिलाय. तो दोन्ही अर्थांनी घातक आहे: थिनरच्या वाफेला ठिणगी मिळते, आणि गॅस जळताना पाण्याची वाफच तयार होते. शेड बंदिस्त करून हवेतली ओल काढणारं यंत्र (डिह्युमिडिफायर) भाड्याने घ्या, नाहीतर तारीख पुढे ढकला.

धुळीबद्दल बेळगावच्या माणसाला जास्त सांगायला नको. आपल्या फाउंड्र्यांमध्ये वाळूच्या धुळीने छातीचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत. वाळूने ब्लास्टिंग करू नका, एका तुकड्यासाठीसुद्धा नाही. वाळूतल्या सिलिकाची सर्वांत बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, थेट फुप्फुसात खोल जाते, आणि तिने होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. ब्रिटनमध्ये वाळूने ब्लास्टिंग १९४९ च्या नियमांनी बंद झालं. बंद खोलीत स्टीलची ग्रिट (टोकदार कण) वापरली तर ती गोळा करून, चाळून पुन्हा पुन्हा चालते. कॉपर स्लॅग (तांबं गाळताना उरणारी मळी) एकदा मारली की फुटते आणि ढीग वाढत जातो. सुरुवातीला खोली, चाळणी आणि धूळ ओढणारं यंत्र यांचा खर्च जास्त वाटतो, पण स्लॅग विकत घेणं, झाडणं, भरणं आणि टाकणं या चार खर्चांशी तो ताडून बघा. नोझलही मोजत राहा. १० मिलिमीटरचं भोक झिजून १२ झालं की हवा ४४ टक्के जास्त लागते, कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि वेग मात्र पडतो.

ब्लास्टरच्या हेल्मेटला जाणारी हवा हा वेगळा विषय आहे, आणि बऱ्याच युनिटमध्ये तो कोणी बघतच नाही. हवा घेण्याचं तोंड डिझेल कॉम्प्रेसरच्या धुराड्याजवळ असेल, किंवा कॉम्प्रेसर तापून आतलं तेल करपत असेल, तर हेल्मेटमध्ये कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला वास नाही. मुलगा म्हणतो डोकं दुखतंय, आपण म्हणतो ऊन लागलं असेल. श्वासाच्या हवेला स्वतंत्र फिल्टर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असल्याशिवाय कोणाच्या डोक्यावर हेल्मेट चढवू नका.

आता तुमची मुलं यार्डात टाकीच्या आत जातील त्याविषयी. हे नीट वाचा आणि त्यांनाही वाचून दाखवा. बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. नुसती बंद होती, आत काही केमिकल नव्हतं, अशा टाकीतही माणूस उतरताच कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर पाय ठेवायचा नाही. मोजमाप वर, मध्ये आणि तळाशी असं तिन्ही ठिकाणी घ्यायचं, कारण थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खाली साचते. त्याच कारणाने वाफ ओढणाऱ्या पंख्याचं तोंड तळाशी पाहिजे आणि ताजी हवा वरून सोडायची. वरून आत ढकलायची आणि वरूनच बाहेर काढायची अशी व्यवस्था असेल तर तळातला माणूस त्या वाफेतच राहतो. पंखा, दिवा सगळं फ्लेमप्रूफ (ठिणगी बाहेर न पडणारं), हवेच्या पाइपांना अर्थिंग, आणि रंग मारून झाल्यावरही पंखा चालूच. रंग वाळत असताना वाफ निघतच असते.

किती हवा लागते याचा हिशेब साधा आहे. झायलीन हा थिनरमधला नेहमीचा द्रव धरा. एक लिटर झायलीनची साधारण २०० लिटर वाफ होते. हवेत ती १ टक्क्याच्या आसपास झाली की स्फोट होऊ शकतो. त्या मर्यादेच्या दहाव्या भागाखाली ठेवायचं तर दर लिटर थिनरमागे २०० घनमीटर ताजी हवा लागते. ८० टक्के सॉलिड्स (वाळल्यावर उरणारा घन भाग) असलेल्या रंगाच्या २० लिटरच्या डब्यात ४ लिटर थिनर असतो, म्हणजे एका डब्याला ८०० घनमीटर. डबा वीस मिनिटांत संपत असेल तर पंख्याची ताकद तासाला निदान २,४०० घनमीटर हवी. बाहेरून जास्तीचा थिनर ओतला की हिशेब त्या प्रमाणात वाढला.

आणि इथे एक गैरसमज जीव घेतो. गॅसच्या मीटरवर स्फोटाच्या मर्यादेच्या १० टक्के दिसलं की लोक म्हणतात, सेफ आहे. आगीच्या दृष्टीने असेल. पण ते १० टक्के म्हणजे हवेत दहा लाख भागांत १,००० भाग झायलीन. आठ तासांच्या पाळीसाठी वर्षानुवर्षं मानलेली मर्यादा १०० आहे, अलीकडे काही संस्थांनी ती आणखी खाली आणली, आणि ९०० भागांना तर जिवाला तात्काळ धोका मानतात. म्हणजे मीटर सेफ दाखवत असताना आतला माणूस चक्कर येऊन पडू शकतो. पंखा आग टाळतो, माणसाला वाचवते ती बाहेरून नळीने आणलेली श्वासाची हवा. "मास्क लावला की गुदमरल्यासारखं होतंय ओ," असं मुलं सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. कार्ट्रिजचा मास्क उकाड्यात खरंच कोंडतो. हवेच्या नळीचा हूड मात्र गार वाटतो, आणि दाढी असलेल्यालाही चालतो. चेहऱ्याला घट्ट बसायचा मास्क दाढीवर बसतच नाही, कडेने वाफ आत येते. पॉलियुरेथेनच्या वरच्या थरात हार्डनरमध्ये (रंग घट्ट करण्यासाठी मिसळायच्या दुसऱ्या भागात) आयसोसायनेट असतं. त्याचा एकदा दमा जडला की पुढे थोड्या वासानेही उचंबळतो. म्हणून त्या कामाला हूडशिवाय कोणालाही पाठवू नका.

एअरलेस गनचा (हवेऐवजी पंपाच्या दाबाने रंग फवारणाऱ्या गनचा) दाब २०० बार आणि त्याच्याही वर जातो. टिप तुंबली की बोटाने पुसायची सवय मुलांना असते. त्या दाबाने रंग कातडीतून आत घुसतो आणि बोटावर फक्त सुई टोचल्याएवढा ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही. कोणी पट्टी लावून कामाला लागतो आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर पट्टी नाही, घरगुती उपाय नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात, आणि हाय प्रेशर इंजेक्शन आहे असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. सोबत रंगाची सेफ्टी शीट न्यायची. टिप साफ करताना दाब सोडून ट्रिगर लॉक करायचा हे पहिल्या दिवशीच हातात बसवा.

जेवणाआधी थिनरने हात धुणं बंद करा. थिनर कातडीचं तेल काढतो आणि इपॉक्सीच्या हार्डनरला आत वाट देतो. एकदा ॲलर्जी झाली की तो मुलगा आयुष्यभर इपॉक्सीजवळ उभा राहू शकत नाही, म्हणजे शिकलेलं काम गेलं. साबण, चिंध्या आणि कामाआधी लावायचं बॅरिअर क्रीम एवढाच खर्च आहे.

रंगाच्या खर्चाचं. ८० टक्के सॉलिड्सचा रंग १६० मायक्रॉन कोरडा हवा असेल तर ओला थर २०० मायक्रॉन मारायचा. एका लिटरमध्ये कागदावर ५ चौरस मीटर, म्हणजे १०० चौरस मीटरला २० लिटर. उडालेला, खडबडीत पृष्ठभागात मुरलेला आणि डब्यात राहिलेला धरून प्रत्यक्षात जास्त लागतोच. पण पेंटरच्या खिशात ओल्या थराची जाडी मोजायची दातेरी पट्टी नसेल आणि तो अंदाजाने २४० कोरडा मारत असेल तर दीडपट रंग गेला. शिवाय जाड थरात थिनर अडकून तो मऊ राहतो किंवा तडकतो. दर काही हातांनी पट्टी ओल्या रंगात टेकवायची, ही सवय सगळ्यात स्वस्त बचत आहे. गन पत्र्याला काटकोनात, फूटभर अंतरावर, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा. मनगट फिरवून कमान काढली की टोकाला रंग हवेत जातो. शिडीच्या गजांसारख्या बारीक कामाला रुंद पट्टा मारणारी टिप लावू नका. ४१९ नंबरची टिप साधारण ८ इंच रुंद मारते, दोन इंची गजावर त्यातलं बहुतेक वाया. तिथे अरुंद टिप किंवा सरळ ब्रश.

कचऱ्याकडे येतो. खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते, आणि तिथे तिच्या व जुवारीच्या काठांवर जहाजं बांधणं-दुरुस्ती चालते. जहाजाच्या तळाला शेवाळ, शिंपल्या चिकटू नयेत म्हणून जो अँटिफाउलिंग रंग लावतात तो मुद्दाम विष सोडणारा असतो. पूर्वी त्यात ट्रायब्युटिल टिन असे. फ्रान्समधल्या आर्काशाँच्या खाडीत त्याने कालवांची पैदास बसली, तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर तो बंद केला. असे रंग बंद करणारा जगभरासाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. २०२३ पासून त्यातल्या बंदीच्या यादीत सायब्युट्रिन या दुसऱ्या विषाची भर पडली. आजच्या रंगात मुख्यतः तांबं असतं. म्हणून जुना तळ धुतलेलं पाणी आणि खरवडलेला रंग नदीत जाता कामा नये, गटारात अडवून गाळ वेगळा करायचा. तुमच्या शेडमध्ये रंगाचा गाळ, थिनरचा साका आणि रंगमिश्रित ग्रिट घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा ठरतो, तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवाना दिलेल्याच संस्थेला द्यावा लागतो. भंगारवाल्याला ड्रम देऊ नका. रंग विकत घेताना शिसं आणि क्रोमेट नाही असं लेखी मागा. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) आहे, औद्योगिक रंगाला तो नियम लागू नाही, त्यामुळे विचारावंच लागतं.

यंत्रांचं म्हणाल तर मोठ्या यार्डांत जहाजाच्या बाहेरच्या भिंतीवर चिकटून चालणारे रोबो आहेत. ते २,००० बारच्या वरच्या पाण्याने जुना रंग काढतात आणि पाणी जागीच शोषून घेतात. धूळ होत नाही, मीठही धुतलं जातं. पण पाणी नवा खडबडीतपणा देत नाही, आणि कोपरे-ब्रॅकेट त्याला जमत नाहीत. सुट्या भागांच्या कामात त्याचा उपयोग नाही. रंग आणि हार्डनर हे दोन भाग गनजवळ मिसळणारा पंपही तुम्ही आत्ता घेऊ नका. रोज मोठा रंग लागतो तिथे तो मिसळून उरलेला रंग वाचवतो, लहान लॉटमध्ये त्याच्या नळ्या धुण्यातच थिनर जातो. पैसे आधी बंद ब्लास्टिंग खोलीत, हवेच्या हूडमध्ये, दवबिंदूच्या मीटरमध्ये आणि जाडी मोजायच्या गेजमध्ये घाला.

मुलांच्या करारात चार गोष्टी यार्डाच्या कंत्राटदाराकडून लिहून घ्या: टाकीत प्रत्येक वेळी गॅस तपासून परमिट, मॅनहोलबाहेर पूर्ण वेळ एक माणूस जो आत उतरणार नाही पण मदत बोलावेल, श्वासाच्या हवेचा हूड त्यांच्या खर्चाने, आणि कामाला लागण्याआधी व नंतर दर वर्षी फुप्फुसाची तपासणी. पहिल्या तपासणीचा रिपोर्ट मुलाच्या घरी ठेवायला सांगा, पुढे तुलना करायला तोच लागतो.